मुक्कामी सुई

पहिल्याच भेटीत त्या बाईनं माझ्या दोन्ही हातांना तेलात कालवलेली हळद चोळली आणि म्हणाली, "जा, धुऊन ये."

मी खरं तर भांडायला आले होते. अक्काला, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीला, आत ठेवून मला बाहेर का थांबवलं, हे विचारायला. खांद्याला पत्रकांची पिशवी होती. रुग्णांच्या हक्कांची पत्रकं लिहायची आणि दवाखान्यांच्या फाटकांवर उभं राहून वाटायची, हे माझं काम. जाब विचारायची मला सवय आहे. पण पिवळेधमक हात घेऊन जाब कसा विचारणार? गेले, धुतले, परत येऊन हात पुढं केले.

तिनं ते खिडकीच्या उजेडात धरून उलटसुलट पाहिले. दोन्ही अंगठे पिवळे. बोटांच्या बेचक्या पिवळ्या.

"लातूरकडची का?"

"हो. गाव किल्लारीजवळ, राहते लातूरला. कामून?"

"नळ बारीक सोडून धुतलीस. पाण्याला लई जपता तुम्ही लोक. तिकडं जप माय, इथं नको. अंगठा मुठीत धरून फिरव. अंगठ्याला कुणीच विचारत न्हाई, आणि समदी कामं तोच करतो."

तीनदा पाठवलं मला. चौथ्यांदा आत सोडलं. भांडायचं राहून गेलं.

नांदेडच्या एका मोठ्या दवाखान्यातल्या कॅन्सरच्या वॉर्डाची ती इन्चार्ज सिस्टर. दवाखान्याचं नाव लिहीत नाही, तिचंही नाही. वॉर्डात सगळे तिला नुसतं 'बाई' म्हणत. पाठीमागे 'सनकी बाई'. हे तिला माहीत होतं. कुणी नवीन नर्स आली की स्वतःच सांगायची, "मला सनकी म्हणतेत हितं. तूबी म्हण, पण हात धुऊन म्हण."

कोपराच्या खाली तिच्या अंगावर काही नसे. बांगडी नाही, घड्याळ नाही, अंगठी नाही. आणि इतरांच्याही नसू द्यायची. वॉर्डाच्या दाराशी एक स्टीलचा पोळ्यांचा डबा ठेवलेला असे, त्यात डॉक्टरांनी घड्याळं टाकून आत यायचं. एकदा विभागप्रमुख विसरून तसेच आत आले, तर तिनं त्यांचं मनगट सगळ्यांसमोर धरलं आणि घड्याळ उतरवून डब्यात टाकलं. संध्याकाळी ते न्यायला आले तेव्हा म्हणाली, "सर, दिवसभर घड्याळ नव्हतं, कुणी मेलं का? न्हाई. मग ऱ्हाऊ द्या की उद्याबी."

नातेवाईक गंडेदोरे आणायचे, अंगारे आणायचे, दर्ग्यातलं पाणी आणायचे. तिनं कधी कुणाचा देव काढला नाही. अंगारा आणणाऱ्या एका काकांना तिनं हाताला धरून खाटेपाशी नेलं. "लावा. पण कपाळाला लावा, नळीला न्हाई. कपाळाला भोक नसतंय."

ही नळी काय ते सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. अक्काला रक्ताचा कॅन्सर होता. निदान लातूरला झालं, खाट नांदेडला मिळाली. त्या आजाराचं औषध वाईट पेशी मारतं, पण त्यांच्याबरोबर अंगाची राखण करणाऱ्या पांढऱ्या पेशीही मारतं. मग दोन-तीन आठवडे माणूस राखण उठलेल्या शेतासारखा पडून असतो, कुणीही यावं आणि चरून जावं. ज्या जंतूनं मला साधी शिंकही येणार नाही तो अशा माणसाला दोन दिवसांत संपवू शकतो. आणि अशाच माणसाच्या दंडातून एक बारीक नळी पार काळजाजवळ नेऊन ठेवलेली असते, कारण इतकी जहाल औषधं हाताच्या शिरांना सोसत नाहीत. वॉर्डात तिला 'लाइन' म्हणत. औषध दिलं की लाइनमध्ये सलाइन, म्हणजे मिठाचं निर्जंतुक पाणी, सोडून ती साफ करायची. दिवसातून दोन-तीनदा.

आता विचार करा. अंगात राखण नाही, आणि बाहेरून काळजापर्यंत सरळ रस्ता.

म्हणून ती बाई त्या नळीच्या तोंडाला देव्हाऱ्यासारखं जपायची. स्पिरिटचा बोळा घेऊन तोंड घासायचं, मोठ्यानं पंधरापर्यंत मोजायचं, वाळू द्यायचं, मग सुई. मोजताना कुणी बोललं तर पुन्हा एकपासून. अक्कानं तिला मुद्दाम अकरावर विचारलं होतं, "बाई, आज जेवायला काय?" बाईनं न बोलता पुन्हा एकपासून सुरुवात केली, आणि पंधरा झाल्यावर म्हणाली, "खिचडी. आणि तुझी नळी आता सव्वीसवर साफ झाली, फायदा तुझाच."

अक्का अंगणवाडी सेविका. बोलायला तिखट, आणि नोंदी ठेवायची अशी सवय की दवाखान्यातही उशीखाली वही. किती वाजता चहा आला, कुठल्या डॉक्टरनं काय विचारलं, सगळं टिपायची. मी हसायचे तिला.

मग बाई चार दिवसांच्या रजेवर शिरूर अनंतपाळला गेली, माहेरच्या घरभरणीला. आणि वॉर्डात ताप सुरू झाला.

आधी लोह्याच्या एका आजोबांना. मग उदगीरकडच्या एका काकूंना. तिसऱ्या दिवशी दुपारी अक्काला. मी डबा उघडत होते आणि माझ्यासमोर तिचे दात वाजायला लागले. तीन ब्लँकेटं टाकली तरी लोखंडी खाट हलत होती. मग एकशे तीन ताप. ड्युटीवरच्या डॉक्टरांनी तापाचं औषध लिहिलं, संध्याकाळी ताप उतरला. दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा तेच.

मी कारण विचारलं तर मला काय सांगितलं असेल? "पेशंट अशक्त आहे. घरूनच इन्फेक्शन आणलं असेल."

घरून? पंधरा दिवस झाले ती इथं आहे. वर्तमानपत्रात वाचता ना तुम्ही, 'उपचारादरम्यान मृत्यू'? कधी विचारलंत, आजारानं का उपचारानं? हा प्रश्न कुणी विचारत नाही, कारण गरिबाला दवाखान्यात खाट मिळाली हेच उपकार वाटतात. मी तिथंच व्हरांड्यात बसून पत्रक लिहायला घेतलं. मथळा ठरला, 'दवाखान्यानंच दिला ताप'.

त्याच दुपारी बाई परतली. हातात घरभरणीच्या लाडवांची पिशवी तशीच. अक्काची खाट पुन्हा हलत होती. बाईनं पिशवी माझ्याकडं फेकली आणि हात धुवायला पळाली. हो, तशातही धुवायला. मग जे झालं ते इतक्या भराभर झालं की मला अजून तुकड्यातुकड्यांनीच आठवतं.

"अँटिबायोटिक देऊ लागलात का? थांबा. दोन मिनिटं. आधी रक्त."

एक रक्त तिनं लाइनमधून काढलं, एक दुसऱ्या हाताच्या शिरेतून. एकाच वेळी, सारखंच माप, वेगवेगळ्या बाटल्यांत. "पळ, लॅबला," म्हणत बाटल्या वॉर्डबॉयच्या हातात दिल्या. आणि लगेच, "आता औषध. आत्ताच्या आत्ता. तासाच्या आत गेलं पाहिजे." औषध वॉर्डात नव्हतं. ती स्वतः दोन जिने उतरून गेली आणि घेऊन आली. पन्नाशी ओलांडलेली बाई, गुडघ्यांचा त्रास असलेली. येताना धापा टाकत मला म्हणाली, "बघत कामून उभी? पाय चोळ तिचे."

औषध सुरू झाल्यावर ती अक्काच्या तोंडाजवळ वाकली. "माय, थंडी कधी वाजती? कशाच्या नंतर?"

अक्काला बोलता येत नव्हतं. दातांवर दात आपटत होते. मान वळवून ती एवढंच म्हणाली, "उशी. वही."

बाईनं वही उघडली. अक्काच्या गोल, अंगणवाडीच्या अक्षरात: *दोन वाजता नळीत पाणी सोडले. अडीच वाजता थंडी.* आदल्या दिवशी: *दोन वाजता पाणी. दोन पस्तीसला थंडी.* बाईनं आजोबांचा, काकूंचा कागद काढला. तिघांचंही तेच. पाणी सोडलं की अर्ध्या तासात हुडहुडी.

ती सरळ उठून नर्सच्या टेबलाकडं गेली. ट्रेमध्ये सलाइनची मोठी बाटली उभी होती, अर्धी संपलेली. तिच्या रबरी बुचात एक सुई खोचलेली. बाटली फोडली की सुई बुचात तशीच ठेवायची, ज्याला लागेल त्यानं सिरिंज लावून पाणी ओढायचं, एका बाटलीत सगळा वॉर्ड. सकाळी, दुपारी, दुसऱ्या दिवशीही.

बाई ओरडेल असं मला वाटलं. ती ओरडली नाही. निर्जंतुक हातमोजे घातले, बाटली एका पिशवीत घालून तोंड बांधलं, आणि लॅबच्या दारात स्टुलावर ती बाटली मांडीवर घेऊन बसली. तान्हं बाळ घेऊन बसावं तशी. लॅबचे साहेब येईपर्यंत उठली नाही.

"ही मुक्कामी सुई," ती मला म्हणाली. "मुक्कामी गाडीत रात्रभर कोण कोण येऊन झोपतंय, डायव्हरला तरी माहीत असतंय का? तसं ह्या सुईचं. तिच्या तोंडातून आत काय गेलं, रात्रभरात किती वाढलं, कुणाला ठावं."

मी फोन काढला. फोटो, मथळा, सगळं तयार होतं. "सकाळी छापते. फाटकावर वाटते."

"थांब."

"कामून थांबू? माझी बहीण मरू लागली आत."

"तू सकाळी वाटलीस की दुपारपर्यंत तमाम वॉर्डांतल्या अशा बाटल्या गायब. मग लॅबनं म्हणायचं, काय सापडलं न्हाई. आणि तुझ्या बहिणीला कुठला जंतू हाय तेच कळलं न्हाई तर औषध कुठलं द्यायचं? तुझ्या पत्रकानं ताप उतरतो का? उतरत असंल तर वाट."

मी थांबले. लिहिलेलं पत्रक आयुष्यात पहिल्यांदा खिशात ठेवून गप्प बसले, आणि मला ते अजिबात आवडलं नाही.

दुसऱ्या दिवशी लॅबमधून निरोप आला. लाइनमधल्या रक्ताच्या बाटलीत जंतू आधी वाढला, हाताच्या रक्तात बऱ्याच तासांनी. म्हणजे ठाणं लाइनमध्येच. बाई म्हणाली, लाइन काढा. डॉक्टर तरुण होते, घाबरत होते. त्यांचंही चुकत नव्हतं: अक्काच्या हाताच्या शिरा सगळ्या जळलेल्या, रक्त गोठवणाऱ्या पेशी कमी, लाइन काढली तर औषध द्यायचं कुठून?

"डॉक्टर, घरात साप निघाल्यावर तुम्ही दुसरं घर मिळंपर्यंत तिथंच झोपता का?"

"पण बाई, शीर मिळाली नाही तर?"

"ती माझ्यावर सोडा. प्लेटलेट चढवा आधी, मग काढा."

लाइन काढली. बाई अक्काच्या हातापाशी बसली आणि डोळे मिटून घेतले. शीर शोधताना ती नेहमी डोळे मिटायची. म्हणायची, डोळे असले की बोटं आळशी होतात. दहा मिनिटं ती अक्काचा हात चाचपत राहिली, मनगट, कोपर, तळव्याची पाठ. अक्काच कंटाळून म्हणाली, "बाई, भविष्य बघून राहिलाव का?"

"हाव. लई लांबडं दिसतंय. हलू नको." आणि अंगठ्याच्या मागच्या एका शिरेत सुई गेली. एकाच टोच्यात.

तिसऱ्या दिवशी दुपारी दोन वाजले. अडीच वाजले. मी अक्काच्या दातांकडं बघत होते. तीन वाजले. अक्का म्हणाली, "काय टक लावून बघतीस, भूक लागली मला." मी व्हरांड्यात जाऊन रडले.

संध्याकाळी बाटलीचा अहवाल आला. पाण्यात जगणारा तोच जंतू, जो अक्काच्या रक्तात, आजोबांच्या रक्तात, काकूंच्या रक्तात. आजोबा तेव्हा आयसीयूत होते. आठवड्यानं परतले, पण त्या संध्याकाळी ते परततील की नाही हे कुणालाच माहीत नव्हतं.

आता मात्र मला कुणी अडवणार नव्हतं. पत्रकात मी भर घातली होती: 'हलगर्जी परिचारिकेला तात्काळ निलंबित करा.' नावही मिळवलं होतं. देगलूरची एक मुलगी, नोकरीला दोन महिने झालेली. रजेच्या काळात दुपारचं पाणी तिनंच सोडलं होतं. ती बेसिनपाशी उभी राहून रडत होती, आणि मला तिची दया येत नव्हती. खरं सांगते.

बाईनं माझं पत्रक टेबलावर ठेवून वाचलं. मग त्या मुलीला बोलावलं. "सुई ठेवायला तुला कुणी शिकवलं?"

"छोट्या कुप्या संपल्या होत्या. मोठ्या सिस्टर म्हणाल्या, असंच करतात."

वॉर्डातल्या जुन्या सिस्टरला बोलावलं. बाईच्याच बरोबरीची, वीस वर्षं एकत्र काम केलेली. "आणि तुम्हाला कुणी शिकवलं?"

ती पदराच्या टोकाशी खेळत राहिली. मग मान वर करून म्हणाली, "तुम्हीच की, बाई."

खोलीत आम्ही चौघी होतो.

"मीच," बाई म्हणाली. "त्या वेळी सुया मोजून मिळायच्या. मीच म्हणले होते, एक सुई बाटलीत राहू द्या, बाकीच्या वाचतेत. सगळ्यांनी वाहवा केली माझी. मग पुढं ट्रेनिंगला गेले, तिथं कळलं की ह्यानं माणसं मरतेत. आले आणि म्हणले, आजपासून बंद. बंद करा म्हणले. मी चुकीचं शिकवलं होतं, असं म्हणले न्हाई. लाज वाटली. मग ह्यांना वाटलं, बाईची नवीन सनक निघाली, बाई हाय तोपर्यंत पाळा. मी रजेवर गेले की सुई परत मुक्कामाला."

माझ्याकडं वळून तिनं पेन पुढं केलं. "त्या पोरीचं नाव काट. माझं लिही. आणि मी सांगते तसं लिही, तुझी भाषा लई भरधाव हाय."

मी काटलं. पत्रक तिनं सांगितलं, मी उतरवलं. कुणी शिकवलं, केव्हा कळलं, कळल्यावर काय सांगायचं राहिलं. नळी असलेल्या रुग्णानं काय विचारायचं: पाण्याची कुपी माझ्यासमोर फोडली का, तोंड घासलं का, हात धुतले का, आणि ही नळी अजून लागते का. ताप आला तर आधी दोन्हीकडचं रक्त, मग लगेच औषध. एवढंच. त्यात 'निषेध' हा शब्दही नव्हता. छापताना मला वाटलं, हे कोण वाचणार?

फाटकावर तासाभरात संपलं. दुपारी दुसऱ्या वॉर्डांतल्या नर्स हाती लागलेल्या प्रतींचे झेरॉक्स काढून नेत होत्या.

अधीक्षकांनी तिला बोलावलं. मी जबरदस्तीनं सोबत गेले. ते पत्रक हवेत धरून म्हणाले, "सिस्टर, यात तुमचं नाव आहे."

"हाव सर. तेच बघायला आले, आडनाव नीट छापलंय का."

"तुम्हाला परिणाम कळतात का याचे?"

"तिघांचे कळले सर. पुढचे कळायला नकोत, म्हणून छापलं."

चौकशी लागली. लेखी ताकीद मिळाली. ती ताकीद तिनं वॉर्डाच्या फळ्यावर टाचणीनं लावली, नवीन येणारी प्रत्येक नर्स वाचेल अशी. आणि एकदा वापरून फेकायच्या सलाइनच्या छोट्या कुप्या, ज्यांच्यासाठी ती वर्षानुवर्षं मागणीपत्रं लिहीत होती, त्या पंधरवड्यात खोकी भरून आल्या. हे मी अभिमानानं सांगते आणि रागानंही. वर्षानुवर्षं पुरेशा का नाही आल्या?

तेव्हापासून मी पत्रकाच्या शेवटी 'दोषींना निलंबित करा' लिहीत नाही. आधी विचारते, त्यांना कुणी शिकवलं. माझ्या काही सहकाऱ्यांना वाटतं, मी नरमले. नरमले नाही. निलंबनानं एक माणूस जातो, सुई तिथंच राहते, एवढं मला कळलंय.

अक्काला पुढच्या फेरीसाठी महिन्याभरानं परत नेलं. दुसऱ्या दंडातून नवी लाइन घातली. नेमकी दुपारची ड्युटी देगलूरच्या त्या मुलीची. ती ट्रे घेऊन आली आणि खाटेपासून दोन हातांवर थांबली. मागं बाई होती, पण ती पुढं झाली नाही. मला वाटलं आपण म्हणावं, दुसरी कुणी नाही का? तोंडापर्यंत आलं होतं.

अक्कानं बाही वर केली.

"कुपी माझ्यासमोर फोड," ती त्या मुलीला म्हणाली.

मुलीनं हात धुतले, कुपी फोडली, नळीचं तोंड घासलं. पाणी आत गेलं. मग ती जायला निघाली, तर अक्कानं तिचा मनगटाशी हात धरला आणि खाटेच्या कडेला जागा केली.

"बस अर्धा तास. थंडी वाजते का, दोघी मिळून बघू."